देवाची मूर्ति आणि तिच्यावरील नांव

मिशनरी प्रदर्शनांतील वस्तु पाहतांना ‘ही दिली कोणी?’ हें आम्हांस प्रथम विचारावेंसें वाटतें. दक्षिण पॅसिफिकमधील रुरुतू बेटाचा आ‘आ हा काष्ठदेव घ्या. डोळे, नाक, तोंड यांच्या जागीं चिमुकल्या मानवाकृति कोरलेल्या, कारागिरी अजोडच! १८२१ सालीं नवधर्म स्वीकारलेल्या बेटवासीयांनीं तो लंडन मिशनरी सोसायटीच्या धर्मोपदेशकांस आपण होऊन दिला. सोसायटीच्या लंडनांतील संग्रहालयांत अशा मूर्ति ख्रिस्तधर्माचीं विजयचिन्हें म्हणून मांडल्या जात. १९११ सालीं ब्रिटिश म्यूझियमनें विकत घेतल्यावर तोच देव कलाकृति ठरला. या दोन्ही नांवांत देणाऱ्यांच्या मनाचा मागमूसहि नाहीं, असें आमचें मत आहे. देतेवेळीं मूर्तीच्या पोकळ पाठींत 24 लहान देव होते. ते मात्र आज तेथें नाहींत.