चार फ्लॅश, एक स्टँड आणि हरवलेली अक्षरे

चाळीसगावजवळच्या पाटणादेवी येथील शिलालेख जळगाव-धुळे भागातील प्रत्येक गणित-शिक्षकाने एकदा तरी पाहावा असा आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन चालू राहावे म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने येथे मठ स्थापन केला. त्या मठाला मिळालेल्या दानांची नोंद करणारा हा लेख इ.स. १२०७ चा आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये त्याकडे विद्वानांचे लक्ष वेधले. पुढे कीलहॉर्न यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’च्या पहिल्या खंडात तो संपादित केला. मजकूर बहुतांशी संस्कृतात असून अखेरच्या काही ओळी जुन्या मराठीत आहेत. गणिताचा आणि मराठीचा इतिहास असा एकाच दगडावर कोरलेला सापडणे हे भाग्यच म्हणावे लागेल.

अशा लेखांची जी छायाचित्रे स्मरणिकांत आणि शालेय प्रदर्शनांत पाहायला मिळतात, त्यांविषयी मात्र आमची तक्रार आहे. चित्र उजळ असते, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत सारखे असते; पण अक्षर धड लागत नाही. पाहणारा समजतो की लेख झिजला आहे. पुष्कळदा झिजलेला असतो तो लेख नव्हे, त्यावरचा प्रकाश!

असे का होते? देवळात उजेड कमी. मग लग्नसमारंभात उपयोगी पडणारी युक्ती येथेही वापरली जाते. एका स्टँडवर आडवी पट्टी बसवून तिच्यावर चार फ्लॅश लावायचे आणि स्टँड कॅमेऱ्याच्या शेजारी उभा करायचा. या युक्तीने नेमके काय साधते ते पाहू.

चार सारखे फ्लॅश एकदम उडाले की प्रकाश चौपट होतो. भिंगाचे छिद्र एफ/८ ऐवजी एफ/१६ ठेवता येते, किंवा तेच छिद्र ठेवून दुप्पट अंतरावरून चित्र घेता येते. चौपट नव्हे, दुप्पटच. कारण प्रकाशाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. दुसरा मार्ग असा की प्रत्येक फ्लॅश पाव शक्तीवर चालवायचा. एकूण प्रकाश एका पूर्ण फ्लॅशइतकाच मिळतो. पण धारित्र पुन्हा भरायला वेळ कमी लागतो आणि झोतही अधिक क्षणिक होतो. लेझीम खेळणाऱ्या मुलांचे चित्र घेताना हा मोठाच लाभ आहे. दगड काही लेझीम खेळत नाही.

या हिशेबात दिशा कोठेच आली नाही, आणि कोरलेले अक्षर दिसते ते दिशेमुळे. शाईचे अक्षर रंगाच्या फरकाने दिसते, कोरलेले अक्षर सावलीने. समजा, खाच २ मिलिमीटर खोल आहे. प्रकाश दगडाच्या पृष्ठभागाशी ८० अंशांचा कोन करून आला, तर सावली २ भागिले ८० अंशांची स्पर्शज्या, म्हणजे सुमारे ०.३५ मिलिमीटर पडेल. तोच प्रकाश १५ अंशांनी घासून आला तर सावली सुमारे साडेसात मिलिमीटर. त्याहून अरुंद खाच पूर्ण अंधारात जाते आणि अक्षर काळ्या रेघेसारखे उठून दिसते. समोरून चाराऐवजी चाळीस फ्लॅश टाकले तरी ०.३५ चे साडेसात होणार नाहीत.

तेव्हा दोष उपकरणाचा नाही, स्टँडच्या जागेचा आहे. उलट, तोच स्टँड बाजूला नेला की चार फ्लॅश खरोखर कामाचे ठरतात. १५ अंशांनी येणारा प्रकाश मोठ्या क्षेत्रावर पसरतो. त्याची तीव्रता १५ अंशांच्या ज्येइतकी, म्हणजे ०.२६ पट उरते. ही पाव पट भरून काढायला चारच फ्लॅश लागतात! शिवाय स्टँड दूरही ठेवावा लागतो. एक मीटर रुंद शिळेच्या जवळच्या कडेपासून तो अर्ध्या मीटरवर ठेवला, तर दोन कडांवरील प्रकाशात नऊ पटींचा फरक पडेल. तीन मीटरवर ठेवला तर दुपटीहूनही कमी. फ्लॅश आडव्या पट्टीवर न लावता एकाखाली एक लावावेत. मग चौघांचा पृष्ठभागाशी होणारा कोन जवळजवळ सारखा राहतो आणि शिळेच्या उंचीभर उजेड पुरतो.

चार बाजूंना चार स्टँड उभे करून फ्लॅश एकदम उडवणे हा उपाय नव्हे. एकाची सावली दुसरा पुसतो. मात्र एका बाजूचे एकच चित्रही पुरत नाही. डावीकडून येणारा प्रकाश उभ्या रेघा दाखवतो. शिरोरेषा त्याला समांतर असल्याने फिकी राहते. ती वरून येणाऱ्या प्रकाशात उमटते. म्हणून कॅमेरा न हलवता निदान दोन दिशांनी दोन चित्रे घ्यावीत. याच विचाराचा विस्तार करून टॉम माल्झबेंडर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये अनेक दिशांच्या प्रकाशातील चित्रे संगणकाने एकत्र करण्याची पद्धत मांडली. जगभर शिलालेख व नाण्यांच्या अभ्यासात अशा पद्धती आज वापरल्या जातात.

शिक्षकांना हे वर्गात सहज दाखवता येईल. साबणाच्या वडीवर खिळ्याने ‘लीलावती’ कोरावे. खोलीत अंधार करून समोरून चार विजेऱ्या एकदम धराव्यात. मग एकच विजेरी बाजूने, वडीला जवळजवळ टेकवून. फरक शेवटच्या बाकावरच्या मुलालाही कळेल.

लेखाची जागा, मापे व तारीख यांबरोबर प्रकाश कोणत्या बाजूने आला हेही चित्राखाली लिहिले जावे, एवढी आमची मागणी आहे. बळसाण्याच्या मंदिरांवरील कोरीव कामाच्या चित्रांनाही ती लागू आहे. दगड दरवर्षी थोडा झिजतोच. उद्याच्या वाचकाच्या हाती कदाचित आपले छायाचित्रच उरेल. ते सुंदर नसले तरी चालेल, वाचता आले पाहिजे.