‘इन्सुलिन-प्रतिरोध’ : संज्ञा एक, मापने अनेक

वैद्यकीय संशोधनपर लेखनात ‘इन्सुलिन-प्रतिरोध’ ही संज्ञा इतक्या सहजतेने योजली जाते की, तिने निर्दिष्ट होणारी वस्तू एकच आहे, असा वाचकाचा ग्रह व्हावा. वस्तुतः मापनपद्धती बदलली की संज्ञेचा अर्थही बदलतो, आणि हा बदल लेखनात बहुधा अनुच्चारित राहतो.

१९३६ साली हॅरल्ड हिम्सवर्थ यांनी मधुमेहाचे इन्सुलिन-संवेदनशील व असंवेदनशील असे दोन प्रकार मानले. त्यांच्या विशेषणांना एका निश्चित कृतीचा आधार होता : तोंडाने ग्लुकोज व त्याच वेळी शिरेतून इन्सुलिन द्यावयाचे आणि रक्तशर्करा चढते की रोखली जाते, हे पाहावयाचे. ‘असंवेदनशील’ हा शब्द प्रतिसादाची उणीव तेवढी सांगतो. ‘प्रतिरोध’ मात्र विरोध करणारा कोणी कर्ता सुचवितो. शिवाय नामरूपामुळे शरीरात साठलेला काही पदार्थच मोजावयाचा आहे, असा भास होतो.

१९७९ साली डीफ्रॉन्झो, टोबिन व अँड्रेस यांनी सविस्तर मांडलेली क्लॅम्प-पद्धती आज प्रमाण मानली जाते. तीत इन्सुलिन शिरेतून ठरावीक वेगाने सोडतात आणि दर पाच मिनिटांनी रक्त तपासून शर्करा स्थिर राहील इतकेच ग्लुकोज पुरवितात. (सुताराचा शिकंजा येथे रुग्णाला नव्हे, शर्करेच्या पातळीला लावलेला असतो, रूपक नेमके आहे.) जितके ग्लुकोज द्यावे लागते तितके ऊतींनी, मुख्यतः स्नायूंनी, उचलले असे मानतात. यकृताने आपले ग्लुकोज-उत्पादन थांबविले आहे, हे त्यात गृहीत असते. तोच आकडा एकूण वजनाने भागावा की मेदरहित वजनाने, यावरही स्थूल व्यक्तीचा ‘प्रतिरोध’ मोठा वा लहान दिसतो.

१९८५ साली ऑक्सफर्डच्या मॅथ्यूज व सहकाऱ्यांनी मांडलेली ‘होमा’ पद्धती अगदी सुटसुटीत आहे. उपाशीपोटीच्या ग्लुकोजला (मिलिमोल प्रति लिटर) इन्सुलिनने (मायक्रोयुनिट प्रति मिलिलिटर) गुणून २२.५ ने भागावयाचे. हा भाजक म्हणजे ४.५ व ५ यांचा गुणाकार. प्रमाणभूत व्यक्तीचा निर्देशांक १ यावा, एवढाच त्याचा हेतू. परंतु उपाशी अवस्थेतील शर्करा प्रामुख्याने यकृताच्या उत्पादनावर अवलंबून असते. म्हणजे येथे विचारलेला प्रश्नच निराळा आहे. स्वादुपिंडाची इन्सुलिन स्रवण्याची शक्ती क्षीण झाल्यास हा गुणाकार खाली येऊन रुग्ण अधिक संवेदनशील भासण्याचाही संभव असतो. मूळ लेखात क्लॅम्पशी ०.८८ इतका सहसंबंध नोंदविला आहे. पण सहसंबंध म्हणजे समानार्थ नव्हे. दोन शब्द वाक्यांतून नेहमी बरोबर येतात म्हणून कोशकार त्यांना पर्यायशब्द ठरवीत नाही.

होमाचा त्याग करावा, असा याचा अर्थ मुळीच नाही. पुण्यातील आठ वर्षांच्या मुलांविषयी १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हीच पद्धती वापरली गेली, आणि ते योग्यच होते. शेकडो बालकांना तासन्‌तास शिरेतून द्रव देत निजवून ठेवणे कोणाला शक्य आहे? आक्षेप आहे तो ‘पद्धती’ या प्रकरणात ‘होमा-निर्देशांक’ लिहून निष्कर्षात केवळ ‘प्रतिरोध’ लिहिण्यावर. मेटफॉर्मिन मुख्यतः यकृताच्या ग्लुकोज-उत्पादनास आवर घालते; पायोग्लिटाझोन मेदऊतीवर क्रिया करते आणि त्यायोगे स्नायूंचाही प्रतिसाद सुधारतो. ‘औषधाने प्रतिरोध घटला’ हे वाक्य दोहोंविषयी एकसारखेच लिहिले जाते, आणि कोणत्या अवयवात काय घडले हे शोधण्यासाठी वाचकास पुन्हा मापनाच्या परिच्छेदाकडे वळावे लागते.