ट्रेमोलो : वेग आणि भास

फ्रांसिस्को तार्रेगा (१८५२–१९०९) या स्पॅनिश वादकाची ‘रेकुएर्दोस दे ला अल्हाम्ब्रा’ ही रचना सुरू झाली, की श्रोत्यांच्या नजरा वादकाच्या उजव्या हाताकडे वळतात. बोटांच्या त्या वेगाचे कौतुक स्वाभाविक आहे. परंतु शिकणाऱ्याची वाट या कौतुकानेच चुकते, असे माझे मत आहे.

ट्रेमोलोचे तंत्र सांगावयास सोपे. अंगठा खालचा स्वर छेडतो. त्यामागून अनामिका, मध्यमा आणि तर्जनी एकाच तारेवर एकच स्वर क्रमाने छेडतात. सतारीच्या झाल्यात सामान्यतः सुरावटीचा एक आघात आणि चिकारीचे तीन. येथे प्रमाण नेमके उलटे, तीन आघात सुरावटीचे. म्हणजे अंगठा वाजतो त्या क्षणी सुरावट मुकी असते. गिटारचा स्वर छेडताच विरू लागतो, व्हायोलिनचा दीर्घ श्वास त्याला नाही. तरीही गाणे अखंड भासते, ते ती रिकामी जागा आपला कान भरून काढतो म्हणून. हा भास केवळ वेगाने साधत नाही; त्यास समता लागते. तिन्ही बोटे एकमेकींच्या पाठोपाठ घाईने पडली आणि अंगठ्यापूर्वी फट राहिली, की कारंज्याऐवजी (या रचनेविषयी लिहिणाऱ्यांची ही आवडती उपमा!) घोड्याच्या टापा ऐकू येतात.

मीही दोन वर्षे लयमापकाचा काटा पुढे ढकलण्यात घालविली. टापा फक्त जलद झाल्या. पुढे एका जाणत्याने सुरावट सोडून केवळ अंगठ्याचे स्वर वाजवावयास लावले, तेव्हा प्रथमच कळले की स्वरसंवादाची बहुतेक हालचाल तेथेच आहे. लघुस्वरांतून आरंभलेली रचना उत्तरार्धात त्याच षड्जावर शुद्ध गंधाराच्या प्रकाशात येते. ते स्थित्यंतर बोटांच्या लगबगीत हरवून जाते, अंगठा ऐकला तर अंगावर येते. त्यानंतर अतिविलंबित लयीत, प्रत्येक बोट आधी तारेवर टेकवून मग छेडणे, आणि जोर आळीपाळीने एकेका बोटावर देणे, हा कंटाळवाणा रियाज उपयोगी पडला.

पॅराग्वेच्या आगुस्तीन बार्रिओसची ‘उना लिमोस्ना पोर एल अमोर दे दिओस’ ही १९४४ मधील अखेरची रचनाही ट्रेमोलोचीच. तीत अंगठ्याच्या स्वरांतून दारावरची थाप पुनःपुन्हा उमटते. मी ऐकलेल्या अनेक वादनांत वरची बोटे निर्दोष धावतात. ती थाप मात्र ऐकूच येत नाही.