शरीराकार आणि जात : महसीर माशाच्या निमित्ताने काही आक्षेप

डोंगराळ नद्यांतील माशांवरील प्रबंधांत एक ठरावीक निष्कर्ष वारंवार आढळतो : दोन नद्यांतील माशांची मापे निराळी आली, म्हणून ते समूहही निराळे. हिमालयातील थंड पाण्याचा असेला असो की सह्याद्रीचा महसीर, ही मांडणी तपासून घेतली पाहिजे.

मापनपद्धतीबद्दल तक्रार नाही. स्ट्राउस व बुकस्टाइन यांनी १९८२ साली मांडलेल्या ट्रस पद्धतीत शरीरावरील ठरावीक बिंदूंमधील अंतरे जाळीप्रमाणे मोजतात. त्यामुळे शरीराकाराचे चित्र अधिक पूर्ण मिळते. आक्षेप आहे तो निष्कर्षाला. मासा वाढताना त्याची प्रमाणे बदलतात. एका नदीतून लहान व दुसरीतून मोठे मासे घेतले तर फरक दिसणारच. अंडी भरलेल्या मादीचे पोट फुगते, फॉर्मालिनमधील नमुना आक्रसतो. शिवाय प्रवाहाचा वेग, आहार व तापमान यांमुळे एकाच कुळातील पिलांचीही शरीरे निराळी घडू शकतात.

मात्र शरीराकाराकडे दुर्लक्ष करणेही महागात पडते. साइक्स यांनी १८३९ साली दख्खनच्या माशांपैकी ‘खुद्री’ व ‘मुसुल्ला’ यांची वर्णने प्रसिद्ध केली. कावेरीतील उंच पाठीच्या महसीराला पुढे दीर्घकाळ ‘मुसुल्ला’ हेच नाव लावले गेले. त्याची खरी ओळख पटण्याआधीच, १९७० च्या दशकापासून, लोणावळ्याच्या टाटा कंपनीच्या केंद्रात वाढवलेली खुद्रीची पिले कावेरीत सोडण्यात आली. मूळ मासा घटत असून बाहेरचा वाढत असल्याचे २०१५ च्या अभ्यासात दिसून आले. २०१८ साली शारीरिक व जनुकीय पुरावे एकत्र तपासल्यावर मूळ मासा ‘टॉर रेमादेवी’ ठरला आणि त्याच वर्षी त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. नावाचा घोळ मिटेपर्यंत मासाच संपत आला होता.

म्हणून माधव नगरातून नर्मदेवर विद्यार्थी नेणाऱ्या उज्जैनच्या शिक्षकांना एवढेच सुचवावेसे वाटते : तेथील महसीर हा २०११ पासून मध्य प्रदेशाचा राज्यमासा आहे, नमुन्यासाठी तो मारू नये. जिवंत माशाचे मोजपट्टीसह छायाचित्र घेऊन तो लगेच पाण्यात सोडावा. लांबी, ऋतू व जागा यांची नोंद ठेवावी, सारख्या लांबीच्या माशांचीच तुलना करावी. फरक आढळल्यास ‘फरक आढळला’ एवढेच लिहावे. समूह वेगळा आहे काय, हे जनुकीय पुराव्याशिवाय ठरवू नये.