अंदमानच्या प्रवासवर्णनांतील एक भिंत

अंदमानच्या सहलीवर मराठीत जे लिहिले जाते, त्यात लेखणी सेल्युलर जेलच्या कोठडीपुढे गहिवरते आणि बोटीने रॉस बेटावर उतरताच हरणांच्या कळपात रमते. हा गहिवर खोटा आहे, असे आम्ही म्हणणार नाही. ‘माझी जन्मठेप’ वाचून वाढलेल्या मराठी माणसाने कोलूपुढे कोरडे राहावे तरी कसे? आमचा आक्षेप आहे तो या दोन प्रकरणांमध्ये घातल्या जाणाऱ्या भिंतीला.

२०१८ पासून नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप म्हणून ओळखले जाणारे रॉस हे बंदिवसाहतीच्या कारभाराचे ठाणे होते. तेथील चर्च आणि चीफ कमिशनरचा बंगला आज झाडांच्या मुळांनी आवळून टाकला आहे. निसर्गाने साम्राज्यावर सूड उगवला, असे त्यावर लिहिले जाते. वाक्य देखणे, पण अपुरे. त्या पडक्या भिंतींत चरणारी चितळे मूळची बेटावरची नव्हेत. ती इंग्रजांनीच आणली. त्यांना खाणारा वाघ वा बिबळ्या अंदमानात नाही, म्हणून ती आसपासच्या बेटांवर पसरली आणि कोवळी रोपे खाऊन रानाच्या मुळावर आली. ज्याला आपण निसर्ग म्हणतो, तोही येथे साम्राज्याचाच अवशेष आहे, फक्त जिवंत.

खरा रहिवासी पाहावयाचा तर चिडिया टापूच्या झाडीत जावे. लाल तुऱ्याचा काळा अंदमानी सुतार तेथे आहे, पण तो पर्यटकाच्या हातचे खावयास येत नाही. म्हणूनच की काय, तो लेखांतही येत नाही. माणसांचेही तेच झाले आहे. १८५८ मध्ये वसाहत बसली ती ग्रेट अंदमानी लोकांच्या भूमीवर, आणि तेथील राने तोडली ती हुकमाने राबणाऱ्या बंदिवानांनी. १८५९ मध्ये ॲबर्डीन येथे हे लोक धनुष्यबाण घेऊन वसाहतीवर चालून आले. ज्याच्या हातावर फोड आले, त्याच्याच हातातील कुऱ्हाडीने दुसऱ्याचे घर मोडले, ही शोकांतिका आमच्या प्रवासवर्णनकारांनी अद्याप हाती घेतलेली नाही.

बदलीच्या हुकमावर परमुलखात राहणाऱ्या आपल्यासारख्या वाचकांना ही उणीव अधिक जाणवावी. नव्या ठिकाणी आपण प्रथम आपल्याच माणसांच्या खुणा शोधतो, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु तेवढ्यावर थांबणाऱ्या लेखनाला भावनेचे मोल मिळेल, त्या भूमीचे ज्ञान मात्र त्यातून मिळणार नाही.