चित्रपटाची प्रत आणि पाठचिकित्सा : ‘संत तुकाराम’च्या निमित्ताने

पोथ्यांच्या अभ्यासकाला ‘प्रत’ हा शब्द नवा नाही. चित्रपटाच्या व्यवसायातही छापून निघालेल्या रिळांच्या संचाला प्रतच म्हणतात. असे असता, पोथी हाती आली की आपण जे प्रश्न सहजगत्या विचारतो, म्हणजे ती कोणत्या काळची, कशावरून उतरलेली, खंडित की पूर्ण, लेखनिकाने कोठे हात चालविला आहे, ते प्रश्न चित्रपटाच्या प्रतीविषयी विचारण्याची सवय आपणांस लागलेली नाही. २००६ साली ब्लू-रे चकती बाजारात आली, दहा वर्षांनी फोर-के चकती आली, आणि जुने चित्रपट ‘पुनरुज्जीवित’ असा शिक्का घेऊन घरोघरी पाहता येऊ लागले. जुन्या व्हीसीडीच्या चौकटीत एक लाखाहून किंचित अधिक बिंदू असत. ब्लू-रेच्या चौकटीत ते सुमारे एकवीस लाख असतात. चित्र स्वच्छ दिसते, एवढ्यावर आपले परीक्षण संपते. परंतु स्वच्छ दिसणे व शुद्ध असणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पुनरुज्जीवित चित्रपट ही एक संपादित संहिता होय, आणि संहितेच्या संपादनाला आपण ज्या कसोट्या लावतो त्याच तिलाही लावल्या पाहिजेत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

उदाहरणादाखल प्रभात फिल्म कंपनीचा ‘संत तुकाराम’ (१९३६) घेऊ. विष्णुपंत दामले व शेख फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला व १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरविला गेलेला हा चित्रपट त्या काळच्या रीतीप्रमाणे नायट्रेट फिल्मवर उतरविला गेला. नायट्रेट फिल्म ज्वालाग्राही असते, आणि आग लागली नाही तरी काळाच्या ओघात ती आपोआप चिकट होऊन भुकटीस मिळते. प्रभातच्या पुण्याच्या जागेत १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली, १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना झाली. पुढे ८ जानेवारी २००३ रोजी त्याच आवारातील नायट्रेट फिल्मच्या कोठारास आग लागून पुष्कळ जुनी रिळे भस्मसात झाली. तेव्हा त्या पिढीतील चित्रपटांपैकी आज जे दिसते ते बहुधा प्रतीची प्रत किंवा तिचीही प्रत असते. प्रत्येक उतरणीत काळा अधिक काळा होतो, पांढरा अधिक पांढरा होतो, मधल्या छटा गळतात, आणि पहिल्या फिल्मच्या कणांवर दुसरीचे कण चढतात. पोथीच्या भाषेत सांगावयाचे तर मूळ लेखकाचे हस्ताक्षर कोणते व लेखनिकाचे कोणते, हे ओळखणे अवघड होत जाते.

येथे कण म्हणजे काय, ते सांगणे अवश्य आहे. फिल्मवरील चित्र चांदीच्या क्षारांच्या सूक्ष्म स्फटिकांनी बनलेले असते. हे स्फटिक प्रत्येक चौकटीत वेगळ्या जागी असल्यामुळे पडद्यावर एक बारीक सळसळ जाणवते. ती सळसळ हा दोष नव्हे. चित्र तिचेच बनलेले आहे. याउलट ओरखडे, धूळ, बुरशीचे डाग, फाटलेल्या चौकटी हे सारे लेखनिकाचे प्रमाद व वाळवीची भोके होत. ते काढलेच पाहिजेत. लातूर-नांदेडच्या बाजूस, चाकूरसारख्या गावी, शहरांत पुष्कळ खेळ होऊन झिजलेल्या प्रती येत, त्यामुळे पडद्यावर पाऊस पडल्याशिवाय जुना चित्रपट जुना वाटत नाही, अशी आमच्याकडे एक समजूत आहे. ती हौसेखातर ठीक. संपादकाने ती मनावर घेऊ नये.

परंतु यंत्राला धूळ व कण यांतील भेद नेहमीच कळतो असे नाही. गोंगाट कमी करण्याची प्रक्रिया सढळ हाताने चालविली म्हणजे कणांबरोबर कातडीची रंध्रे, कापडाची वीण, भिंतीचा पोपडा हेही जाते, आणि चेहरे मेणाचे दिसू लागतात. ‘पॅटन’ (१९७०) हा अमेरिकन चित्रपट मोठ्या आकाराच्या फिल्मवर घेतलेला, म्हणजे मुळातच तपशिलाने समृद्ध. २००८ साली निघालेल्या त्याच्या ब्लू-रे चकतीवर नेमका हाच आक्षेप जाणकारांनी घेतला व पुढे २०१२ साली नवी आवृत्ती काढावी लागली. ‘संत तुकाराम’मध्ये अशा धुलाईने होणारी हानी अधिक गंभीर ठरेल. गौरी यांनी उभी केलेली जिजाई आठवा. आजारी पोराला घेऊन देवळात शिरणारी, विठोबावर पायताण उगारणारी ही बाई रंगरंगोटी केलेली नायिका नव्हे. तिच्या कपाळावरचा घाम, लुगड्याचा जाडाभरडा पोत, उन्हाने रापलेली कातडी, यांतूनच विष्णुपंत पागनिसांच्या तुकोबाच्या तंद्रीला प्रापंचिक उत्तर मिळते. चित्रपटाचा सगळा ताण या दोन पोतांच्या विरोधावर उभा आहे. जिजाईचा चेहरा गुळगुळीत झाला की तिची बाजूच लंगडी पडते, आणि उरतो तो एक साधा चमत्कारपट.

याहून पुढची पायरी म्हणजे नसलेला तपशील घालणे. अलीकडे यंत्रबुद्धीच्या साहाय्याने अस्पष्ट चेहऱ्यात डोळ्यांच्या पापण्या, केसांच्या बटा नव्याने रचून बसविता येतात. २०२४ साली ‘एलियन्स’ व ‘ट्रू लाइज’ यांच्या फोर-के आवृत्त्यांवरून याविषयी बराच वाद झाला. आपल्या परिभाषेत हा सरळसरळ प्रक्षेप होय. योगायोग असा की, ‘संत तुकाराम’ला प्रक्षेपाचा इतिहास आहेच. ‘आधी बीज एकले’ हे पद शांताराम आठवले यांनी या चित्रपटासाठी लिहिले. पण ते तुकोबांच्या वाणीशी इतके एकजीव झाले की अनेकांनी तो गाथेतील अभंगच मानला. तथापि आठवल्यांचे कर्तृत्व कोणी लपविले नव्हते, म्हणून तो घोटाळा निस्तरता आला. यंत्राने घातलेल्या पापणीखाली कोणाचीही सही नसते.

चौकटीचाही प्रश्न आहे. त्या काळच्या बोलपटाची चौकट जवळजवळ चौरस, उंचीच्या सुमारे १.३७ पट रुंद. आजच्या दूरचित्रवाणी संचाची १.७८ पट. पडदा भरून दिसावा म्हणून चित्र वरून-खालून कापले तर उंचीचा सुमारे तेवीस टक्के भाग जातो. जमिनीवर बसून कीर्तन ऐकणाऱ्या गर्दीच्या चित्रणात याचा अर्थ पुढच्या ओळीची किंवा मागच्या ओळीची माणसे जाणे असा होतो. काळ्या पट्ट्या सोसाव्यात. ओव्या गाळून पोथी कागदाच्या मापात बसविण्याची रीत नाही.

भाषेच्या अभ्यासकाने सर्वांत जागरूक राहावे ते ध्वनीच्या बाबतीत, आणि परीक्षणांत नेमका हाच भाग दोन ओळींत उरकलेला असतो. १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’पासून पुढचे बोलपट हे त्या काळच्या बोलल्या जाणाऱ्या मराठीचे बहुमोल पुरावे आहेत. प्रकाशध्वनीच्या पट्टीवरील खरखर वरच्या कंप्रतांत विशेष जाणवते. ‘स’ व ‘श’ यांचे घर्षण, तसेच ‘चार’मधील तालव्य ‘च’ व ‘चारा’मधील दंत्य ‘च’ यांना वेगळे करणारी खूण, हीही तेथेच असतात. खरखर समूळ काढावयास गेले की हे भेद बोथट होतात. अशा प्रतीवरून कोणी १९३० नंतरच्या दशकातील उच्चारांविषयी निष्कर्ष काढू लागला, तर तो मराठीविषयी नव्हे, गाळणीविषयी लिहीत असेल. गतीचेही असेच. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चालतो; पॅल पद्धतीच्या व्हीसीडी-डीव्हीडीत तो बहुधा २५ चौकटींनी चालविला जात असे. त्यामुळे १३१ मिनिटांचा ‘संत तुकाराम’ सुमारे १२६ मिनिटांत संपतो, आणि स्वर न सुधारल्यास पागनिसांचा आवाज अर्ध्या स्वराच्या पाऊणपटीहून थोडा कमी इतका वर चढतो. पाच मिनिटे कमी भरली म्हणून प्रत खंडित आहे असे मानण्यापूर्वी ही तपासणी करावी.

मग चांगले संपादन कोणते? ‘पथेर पांचाली’ची निगेटिव्ह १९९३ साली लंडनच्या प्रयोगशाळेतील आगीत होरपळली. पुढे बोलोन्याच्या कारागिरांनी तिचा वाचलेला भाग दुरुस्त करून घेतला, उरलेला इतर संस्थांकडील प्रतींतून भरून काढला, आणि २०१५ च्या आवृत्तीबरोबर ही सारी हकीकत प्रेक्षकांसमोर ठेवली. फिल्म हेरिटेज फाउंडेशनने ‘मंथन’ (१९७६) २०२४ साली सिद्ध केला, तेव्हा चित्र संग्रहालयातील मूळ निगेटिव्हवरून व ध्वनी आपल्याजवळच्या ३५ मिलिमीटर प्रतीवरून घेतल्याचे सांगितले. छायालेखक गोविंद निहलानी व दिग्दर्शक श्याम बेनेगल यांचे मार्गदर्शनही घेतले. या निवडींशी कोणी असहमत होऊ शकेल. पण असहमत होण्यास आधार आहे, हे महत्त्वाचे. राजवाड्यांनी १९०९ साली ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली तेव्हा त्यांच्या पोथीच्या प्राचीनतेविषयी वाद झाला. पोथी कोणती हे त्यांनी सांगितले होते म्हणूनच तो होऊ शकला. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची जी रिळे आज उरली आहेत ती १९१३ ची की १९१७ च्या नव्या आवृत्तीची, हा अभ्यासकांतील वादही रिळांचा ठावठिकाणा माहीत असल्यामुळेच जिवंत आहे.

राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियानाखाली सुमारे २२०० चित्रपटांच्या पुनरुज्जीवनाची घोषणा २०२२ साली झाली. त्याच वर्षी संग्रहालयाचे काम राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाकडे आले. एवढ्या मोठ्या कामात प्रत्येक चित्रपटाला वर्षे देता येणार नाहीत, हे मान्य. परंतु कोणत्या संस्थेतील कोणती प्रत वापरली, तिची पिढी कितवी, कोणते भाग अन्य प्रतींतून घेतले, कण व ध्वनी यांवर कोणती प्रक्रिया केली, एवढे अर्ध्या पानाचे निवेदन जोडण्यास खर्च येत नाही. प्रस्तुत लेखकाने वर्गासाठी मागविलेल्या एका जुन्या मराठी बोलपटाच्या चकतीवर अशी एक ओळ नव्हती. मात्र विक्रेत्याचे बोधचिन्ह चित्राच्या कोपऱ्यात अखेरपर्यंत होते.

हे निवेदन मिळेपर्यंत विभागांच्या ग्रंथालयांनी आपल्यापुरती नोंद ठेवावी. चित्रपटाच्या प्रत्येक प्रतीपुढे मिनिटांत लांबी, चौकटीचे प्रमाण, श्रेयनामावली पूर्ण की तुटलेली, आणि गाण्याच्या एखाद्या स्थिर ओळीचा षड्ज, एवढे टिपले तरी दोन प्रतींची तुलना करता येईल. पदव्युत्तर वर्गातील दोन विद्यार्थ्यांना हे काम एका दुपारचे आहे.