विद्यार्थी-कृतीचा रकाना : जीवशास्त्राच्या पाठटाचणाचे एक परीक्षण

माध्यमिक शाळेत जीवशास्त्र शिकवू इच्छिणारा पदवीधर अध्यापक महाविद्यालयात सर्वांत अधिक जे लिहितो ते पाठटाचण होय. सूक्ष्म अध्यापनाच्या पाच-सहा मिनिटांच्या पाठापासून आंतरवासितेतील पूर्ण तासिकेपर्यंत प्रत्येक पाठाआधी ते लिहावे लागते, त्यावर मार्गदर्शकाची स्वाक्षरी घ्यावी लागते आणि मगच वर्गात उभे राहता येते. एवढ्या विपुल प्रमाणात निर्माण होणाऱ्या या मराठी गद्याकडे गद्य म्हणून क्वचितच पाहिले जाते. त्याची तपासणी होते, वाचन होत नाही.

टाचणाचा साचा एका काळातील नव्हे. हर्बार्टच्या (1776–1841) अनुयायांनी, विशेषतः त्सिलर व राइन यांनी, रूढ केलेली पंचपदी हा त्याचा सांगाडा. ब्लूम व त्याच्या सहकाऱ्यांनी 1956 मध्ये प्रसिद्ध केलेले उद्दिष्टांचे वर्गीकरण हा त्यावर मागाहून चढविलेला पोशाख. प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, संकलन, उपयोजन हा क्रम आडवा, आणि आशय, अध्यापक-कृती, विद्यार्थी-कृती, फलकलेखन हे रकाने उभे. साचा म्हणून यात गैर काही नाही. दोष आहे तो एका रकान्यात.

‘विद्यार्थी-कृती’ या रकान्यात विद्यार्थ्यांनी काय केले हे पाठ होण्यापूर्वीच लिहिलेले असते. ‘विद्यार्थी निरीक्षण करतात’, ‘विद्यार्थी उत्तर देतात’, ‘विद्यार्थी वहीत नोंद करतात’. क्रियापद सदैव वर्तमानकाळी, कर्ता सदैव अनेकवचनी, उत्तर सदैव बरोबर. एकटा मुलगा या रकान्यात कधी येत नाही; चुकणारा तर नाहीच. अपवाद एकच : प्रस्तावनेतील शेवटच्या प्रश्नाचे उत्तर वर्गाला येऊ नये अशी योजना असते, म्हणजे लगेच हेतुकथन करता येते. अज्ञानालाही नेमून दिलेली जागा! नाटककाराला देखील आपल्या पात्रांवर इतकी सत्ता लाभत नाही.

भाषेच्या वा गणिताच्या तासाला हे कदाचित खपून जाईल. जीवशास्त्रात खपत नाही; कारण तेथे मुलाच्या हाती वस्तू येते, आणि त्या वस्तूविषयी त्याला छात्राध्यापकाहून अधिक ठाऊक असण्याचा संभव असतो. खोडाची रूपांतरे हा नेहमीचा घटक घ्यावा. ‘हा वनस्पतीचा कोणता भाग आहे?’ या प्रश्नापुढे टाचणात ‘खोड’ असे उत्तर लिहिलेले असते. सांगलीच्या परिसरातील शेतकऱ्याचा मुलगा ‘खोड’ म्हणणार नाही, आणि पुष्कळदा ‘मूळ’ही म्हणणार नाही. तो म्हणेल ‘जेठा गड्डा’, आणि त्याला फुटलेल्या बोटांना म्हणेल ‘हळकुंडे’. साच्याच्या दृष्टीने हे उत्तर निरुपयोगी. वस्तुतः त्यात वनस्पतिशास्त्र ओतप्रोत भरलेले आहे. मुख्य गड्ड्यापासून शाखा फुटतात, बेण्याच्या डोळ्यातून कोंब येतो, हे त्या मुलाने पाहिलेले असते; आणि पेरे, खवल्यांसारखी पाने व डोळे हाच तर हा भाग खोड असल्याचा पुरावा. हरिपूरच्या वर्गात याहूनही अवघड प्रश्न निघू शकतो. कृष्णा-वारणेच्या संगमावरील या गावी हळद जमिनीतील पेवांत साठविण्याची जुनी पद्धत आहे. 2005 च्या महापुराने त्या पेवांचे मोठे नुकसान केले. गड्डा खोड असेल आणि त्याला डोळे असतील, तर मातीच्या पोटात महिनोन्‌महिने राहिलेली हळद उगवत का नाही? उत्तर घरीच असते : पेवात जाण्यापूर्वी हळद शिजवून वाळविलेली असते, डोळे मेलेले असतात. हा प्रश्न कोणत्याही टाचणाच्या तिसऱ्या रकान्यात आधी लिहिता येणार नाही.

साताऱ्यात याचे प्रतिरूप सापडते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेचे बोधचिन्ह वटवृक्ष आहे. त्याची पारंबी हवेत लोंबते, तरी ती मूळ. हळदीचा गड्डा मातीत वाढतो, तरी तो खोड. ‘खाली ते मूळ, वर ते खोड’ ही मुलांची सर्वांत चिवट समजूत या दोन नमुन्यांसमोर एका तासिकेत मोडते. तथापि ती समजूत मुलाने आधी बोलून दाखविली पाहिजे, आणि तिला टाचणात जागा नाही.

साधनांच्या बाबतीतही असेच घडते. कीटकभक्षी वनस्पती म्हटले की घटपर्णीचा तक्ता पुढे येतो. ती वनस्पती मेघालयातील. साताऱ्याजवळच्या कास पठारावर, ज्याचा 2012 मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसास्थळांत समावेश झाला, दवबिंदू आणि सीतेची आसवे पावसाळ्यात पायाशी असतात. तेथील फूल तोडता येत नाही आणि पठार वर्गात आणता येत नाही, म्हणून साधनांच्या यादीत ते बसत नाही.

टाचणाच्या बाजूने सांगण्यासारखे थोडे नाही. दहावीपर्यंत जीवशास्त्र हा स्वतंत्र विषय नसून विज्ञानाचा भाग आहे. वनस्पतिशास्त्राच्या पदवीधरालाही भिंगे व विद्युतप्रवाह शिकवावा लागतो. भरलेल्या वर्गापुढे प्रथमच उभे राहणाऱ्याला लिखित आधार हवाच. टाचण नसावे असे म्हणणे हा अनुभवी माणसाचा उद्धटपणा ठरेल.

बदल एवढाच हवा की विद्यार्थी-कृतीचा रकाना पाठापूर्वी कोरा असावा आणि पाठानंतर भूतकाळात भरला जावा : कोणत्या प्रश्नाला कोणती उत्तरे आली, कोणती अनपेक्षित होती, कोठे शिक्षकच अडखळला. 2015 पासून दोन वर्षांच्या झालेल्या अभ्यासक्रमात शाळेतील अनुभवासाठी किमान 20 आठवडे आहेत. इतका अवकाश पूर्वी एक वर्षाच्या शिक्षणक्रमात नव्हता. अडचण वेळेची नसून गुणदानाची आहे. कोरा रकाना तयारीचा अभाव समजला जाईल, आणि चुकलेली उत्तरे प्रामाणिकपणे नोंदविणाऱ्याचे गुण जाण्याची भीती राहील. तेव्हा मार्गदर्शकाची दुसरी स्वाक्षरी पाठानंतर, त्या नोंदींवर व्हावी लागेल. पेवाचा प्रश्न त्या रकान्यात उतरला, तर पुढच्या तासाची प्रस्तावना वेगळी रचावी लागत नाही : एक कच्चा गड्डा आणि एक शिजवलेले हळकुंड शेजारी शेजारी मातीत पुरावयाचे, आणि वाट पाहावयाची.